दीड मीटरवरची जास्वंद

मे महिन्याच्या सुट्टीत किंवा गणपतीला मुंबईचे काका गावी आले, की त्यांच्या बॅगेतून कॅमेरा निघतो आणि त्याला लावायची ती नळकांड्यासारखी लांबलचक लेन्सही निघते. हिच्यातून मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट कसा जवळ दिसतो, हे काका सगळ्यांना दाखवतात. मग लेन्स पुन्हा बॅगेत जाते. पण तीच लेन्स खळ्यातल्या फुलांवर रोखली तर? तुम्ही म्हणाल, लांबचं बघायची लेन्स, तिचं जवळच्या फुलापाशी काय काम!

करून तर बघा. (काकांना विचारून हं!) फुलाला अगदी नाक लावायला गेलात, तर दिसेल नुसता रंगीत धूर. लेन्स घरघर करत पुढे-मागे होईल, पण फूल काही स्पष्ट होणार नाही. घाबरू नका, लेन्स बिघडलेली नाही. प्रत्येक लेन्सचं एक किमान अंतर ठरलेलं असतं. त्याच्या आत आलेली वस्तू तिला स्पष्ट दाखवताच येत नाही. ७० ते ३०० मिलिमीटरच्या बऱ्याच झूम लेन्सचं हे अंतर साधारण दीड मीटर असतं. ते मोजायचं कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरपासून. म्हणजे जवळचा फोटो हवा, तर आधी दोन मोठी पावलं मागे या आणि मग झूम ३०० पर्यंत फिरवा.

आता थोडं गणित. या अंतरावरून सेन्सरवर उमटणारी प्रतिमा खऱ्या फुलाच्या साधारण पाव पट असते. पुष्कळ कॅमेऱ्यांचा सेन्सर जवळजवळ २४ मिलिमीटर रुंद असतो. चोवीस चोक शहाण्णव! म्हणजे तुमच्या चौकटीत सुमारे १० सेंटीमीटर रुंदीची जागा मावणार. चांगली टपोरी जास्वंद साधारण तेवढीच असते की! दीड मीटर लांब उभं राहून तिने सगळी चौकट भरून टाकली.

पण खरी गंमत फुलाच्या मागे असते. लांब लेन्सची नजर फार अरुंद. फुलामागचा एवढासा तुकडाच तिला दिसतो आणि तोही पुसट होऊन मऊ रंगासारखा पसरतो. मागे चिऱ्याचा गडगा असेल, तर तांबूस पडदा. माडांची सावली असेल, तर गडद हिरवा. दोरीवर वाळत घातलेला टॉवेल असेल, तर... तर अर्धं पाऊल बाजूला सरका! फूल तिथेच राहतं, पण मागचा पडदा बदलतो. मोबाइलने फूल जवळून टिपताना हे इतकं सहज जमत नाही, कारण त्याच्या रुंद नजरेत अर्धं अंगण शिरतं. माझ्या मते या लेन्सचा सगळ्यात मोठा गुण हाच. त्यामुळे कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी फुलाभोवती एक फेरी मारा आणि मागे काय-काय आहे ते बघून ठेवा.

फोटो काढायचा कधी? भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना? आपल्या किनाऱ्यावर ते पुस्तकात नाहीत, अंगणात आहेत. पावसाळा सोडला, तर रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. ऊन तापलं, की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. या दोघांची पाळी बदलते, तेव्हा मध्ये थोडा वेळ पानही हलत नाही. सकाळचा तो शांत वेळ तुमचा. लेन्स फुलाला मोठं करते, तशी त्याच्या डुलण्यालाही मोठं करते. शिवाय तुमचा हातही हलतो. म्हणून ३०० मिलिमीटरवर शटरचा वेग निदान एक-पाचशेअंश सेकंद ठेवा आणि कोपर गडग्यावर किंवा तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर टेका.

अडचण एकच. नेमक्या याच वेळी आजी परडी घेऊन बाहेर येते! जास्वंदीचं फूल बहुधा एकच दिवस टिकतं, संध्याकाळी ते मिटतं. देवापुढे गेलं, की आजचा फोटो गेला. तेव्हा आदल्या रात्रीच बोलणी करून ठेवा. ‘आजये, गडग्याकडची एक जास्वंद उद्या ठेव गे.’ त्यावर ‘मगे देवाक काय तुझो फोटो घालू?’ असं उत्तर येईल, पण एखादं फूल नक्की शिल्लक राहील.

ते एक फूल मिळालं, की घाई करू नका. इतक्या जवळून लेन्सला जे स्पष्ट दिसतं, त्याची जाडी किती असते माहीत आहे? छिद्र मोठं, म्हणजे एफ ५.६ वर असेल, तर जेमतेम ४-५ मिलिमीटर! जास्वंदीच्या मधला दांडा तर बोटाएवढा पुढे आलेला. फूल समोरून टिपलंत, तर दांड्याच्या टोकावरचे पाच लाल ठिपके स्पष्ट येतील आणि पाकळ्या धूसर, नाहीतर उलट. म्हणून बाजूला या आणि दांडा कॅमेऱ्याला आडवा, समांतर दिसेल असे उभे राहा. आता टोकापासून बुडापर्यंत सगळा दांडा स्पष्ट, परागकणांचे पिवळे दाणेसुद्धा मोजून घ्या! छिद्र एफ ११ पर्यंत लहान केलंत, तर जाडी दुप्पट होते. पण उजेड कमी होतो आणि शटर मंदावतं. एक मिळवायचं, तर दुसरं सोडायचं. अशा वेळी मी तरी वारा बघूनच ठरवतो.

लांब उभं राहण्याचा आणखी एक फायदा आहे. शिंजीर आणि फुलपाखरं तुम्हाला फारशी भीत नाहीत. पिटकुळीच्या लाल झुबक्यांवर ब्लू मॉरमॉन येतं का बघा. काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं हे मोठं फुलपाखरू २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं. आणि ताम्हण, म्हणजे आपलं राज्यफूल, उन्हाळ्यात उंच फांदीवर जांभळं फुलतं. वेंगुर्ल्याकडे आरवली, आसोलीला सुरंगी फुलते, तीही झाडावरच. वळेसर करण्यासाठी तिच्या कळ्या उमलण्याआधीच उतरवतात, म्हणून उमललेली सुरंगी टिपायची तर नजर फांदीवरच हवी. झाडावर न चढता ती या लेन्सनेच जमेल.

आता अबोली. ती एवढीशी, साधारण तीन सेंटीमीटरची. पाव पटीत चौकटीचा तिसरा भागच भरेल. तिच्यासाठी लेन्सच्या पुढे ‘क्लोजअप’ भिंग लावतात. आजीच्या वाचायच्या चष्म्यासारखंच ते, त्यालाही नंबर असतो. +२ नंबरचं भिंग लावलं, की फूल अर्ध्या मीटरवर आणता येतं आणि प्रतिमा पाव पटीऐवजी ०.६ पट होते. चौकटीत आता ४ सेंटीमीटरच मावतात, अबोली जवळजवळ सगळीकडे! मात्र स्पष्ट जाडी उरते जेमतेम एक मिलिमीटर. इथे लेन्सचा ऑटोफोकस बंद करा आणि आपणच श्वास रोखून तांदळाच्या दाण्याएवढं पुढे-मागे डुला. फूल स्पष्ट दिसलं, की बटण. दहातला एक फोटो बरा आला, तरी शाबास! पूर्वी ३६ फोटोंचा रोल असायचा, तेव्हा असे दहा फोटो म्हणजे चैनच होती.

काकांचा कॅमेरा नसेल, तर मोबाइलच्या लेन्ससमोर आजीच्या चष्म्याची काच धरून बघा. कडा थोड्या फिसकटतील, पण फूल एरवीपेक्षा मोठं दिसेल.

काम झालं, की लेन्स मऊ कोरड्या कापडाने पुसून पेटीत ठेवा. खाऱ्या हवेचा चिकट थर तिच्यावर बसतो आणि पावसाळ्यात काचांच्या आत बुरशीची जाळी धरते. ती पुसून जात नाही. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. नव्या चपलांच्या खोक्यात मिळतात ना, त्याच.