बैठक बदलती हवी

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे रुग्ण झपाट्याने वाढू लागले. त्याचं कारण शोधणाऱ्या डॉ. जेरी मॉरिस यांनी अभ्यासासाठी लंडनच्या दुमजली बस निवडल्या. एकाच बसवर काम करणारी दोन माणसं, वस्ती सारखी, राहणीमान सारखं. फरक एकच: ड्रायव्हर पाळीचा जवळजवळ सगळा वेळ बसलेला, तर कंडक्टर जिन्याच्या रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. सुमारे ३१,००० कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता आणि झालाच तर उशिरा. मॉरिस तिथे थांबले नाहीत. १९५६ मध्ये त्यांनी गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या विजारी कमरेत मोठ्या होत्या, अगदी तरुण ड्रायव्हरांच्याही. म्हणजे सगळा दोष एकट्या सीटवर टाकता येत नव्हता. पण माणसाचं बसणं हा आरोग्याचा प्रश्न आहे, ही गोष्ट त्या अभ्यासाने कायमची पुढे आणली.

इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने हे जवळजवळ अडीचशे वर्षं आधी ओळखलं होतं. कारागिरांच्या आजारांवरच्या आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्याने लेखनिकांच्या दुखण्यांची तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि मनावरचा ताण. दौत-टाकाच्या जागी कीबोर्ड आणि माऊस आले, पण ही यादी आजही तशीच्या तशी लागू पडते.

कण्याला काय हवं असतं?

‘ताठ बस, पोक काढू नकोस’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याला शास्त्राचा आधार मिळाला तो स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांच्या प्रयोगांतून. १९६०-७० च्या दशकांत त्यांनी स्वयंसेवकांच्या कमरेतल्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला. टेकू न घेता बसल्यावर तो उभं असतानापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त भरला. पुढची कित्येक वर्षं कार्यालयीन खुर्च्यांची रचना या आकड्याभोवती फिरत राहिली.

मग १९९९ साली जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या गादीत बारीक दाबमापक बसवून नव्याने मोजणी केली. या वेळी सैलसर बसताना दाब उभं राहण्यापेक्षा थोडा कमीच निघाला. एका माणसावरच्या प्रयोगाने आधीचं सगळं खोटं ठरत नाही. तरी त्या अभ्यासाचा एक मुद्दा फार मोलाचा आहे: शरीराची स्थिती सतत बदलत राहणं गादीच्या पोषणासाठी महत्त्वाचं आहे. प्रौढ माणसाच्या या गादीला आत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. दाब वाढला की तिच्यातला द्रव बाहेर जातो, उतरला की परत शिरतो. स्पंज दाबून सोडावा तसं. एकाच स्थितीत तासन्‌तास बसलं की ही ये-जा मंदावते, मग ती स्थिती ताठ असो की पोक काढलेली. म्हणून ‘बरोबर कसं बसायचं’ यापेक्षा ‘बसल्या बसल्या किती हलायचं आणि कितीदा उठायचं’ हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

पुढे झुकणारी सीट

गुडघे आणि कंबर काटकोनात ठेवून बसण्याच्या नियमावर डेन्मार्कचे शल्यचिकित्सक ओगे मांडाल यांनी आक्षेप घेतला. चार तासांच्या परीक्षेत बसलेल्या शाळकरी मुलांची त्यांनी छायाचित्रं काढली. मुलं खुर्चीचे मागचे पाय उचलून पुढच्या दोन पायांवर झुकत होती. आपण जिला खोड समजून दटावतो, ती मांडाल यांना शरीराने शोधलेली सोय वाटली. सीट पुढे उतरती झाली की मांडी आणि धड यांच्यातला कोन मोठा होतो आणि कमरेचा नैसर्गिक बाक टिकतो. त्यांनी उतरत्या टेबलाचाही आग्रह धरला. आपल्याकडच्या पेढ्यांवर गादीवर मांडी घालून बसणारे मुनीम अशाच उतरत्या झाकणाच्या डेस्कवर खतावणी लिहीत.

या विचारातून नॉर्वेत हान्स क्रिश्चन मेंगशोल यांनी गुडघ्यांना टेकू देणाऱ्या बैठकीची कल्पना मांडली आणि १९७९ साली पीटर ऑप्सविक यांची ‘व्हेरिएबल बालान्स’ ही खुर्ची आली. तिला पाठ नाही. सीट पुढे उतरती, नडग्यांखाली गाद्या आणि खाली लाकडी वक्र पट्ट्या, त्यामुळे बसणारा अलगद डोलत राहतो. १९८४ च्या त्यांच्या ‘कॅपिस्को’ खुर्चीची सीट घोड्याच्या खोगिरासारखी आहे. तिच्यावर सरळ बसा, आडवं बसा किंवा उलटं बसून पाठीच्या टेकूवर छाती टेकवा. आज ‘ॲक्टिव्ह सीटिंग’ नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंमागचा विचार हाच आहे. जर्मनीतल्या ‘स्वॉपर’ स्टुलाची सीट स्प्रिंगवर वरखाली होते आणि बाजूंनाही झुकते. डगमगती स्टुलं आणि सीटवर ठेवायच्या हवेच्या चकत्या हे त्याचेच भाऊबंद.

चेंडूवर बसावं का?

व्यायामाचा मोठा चेंडू मूळचा इटलीतला, १९६३ च्या सुमाराचा. स्वित्झर्लंडच्या फिजिओथेरपिस्टांनी त्याचा उपचारांसाठी वापर केला, म्हणून तो ‘स्विस बॉल’ म्हणून ओळखला गेला. पुढे तो कचेऱ्यांतही शिरला. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २००९ साली तासभर टायपिंग करणाऱ्या स्त्रियांवर चेंडू आणि कार्यालयीन खुर्ची यांची तुलना केली. चेंडूवर धडाची हालचाल नक्कीच वाढली, पण कण्याची उंचीही जास्त घटली, म्हणजे त्याच्यावरचा भार वाढला. हातांना टेकू नव्हता, हे त्याचं एक कारण असावं. म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की चेंडू थोड्या वेळासाठी चांगला, दिवसभराची खुर्ची म्हणून नाही.

हलतं स्टूल घ्यायचं असेल तर सुरुवात रोज वीस-पंचवीस मिनिटांनी करावी आणि उरलेला वेळ पाठीला व हातांना टेकू देणारी खुर्ची वापरावी. तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले, नितंब गुडघ्यांपेक्षा किंचित वर, कोपर टेबलाच्या पातळीवर आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांसमोर, इतकं आधी जुळवावं. कमरेचं जुनं दुखणं, तोल जाण्याचा त्रास किंवा गुडघ्यांची तक्रार असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय असं स्टूल घेऊ नये. आणि डोलण्याने वजन उतरेल ही आशा धरू नये. त्यात खर्च होणारी ऊर्जा अगदी थोडी असते.

विरंगुळ्यातही तीच मान

आठ तास काम करून माणूस उठतो आणि सोफ्यावर हातातला गेमिंग कन्सोल घेऊन पुन्हा बसतो. १९८९ च्या ‘गेम बॉय’वर दोघांना एकत्र खेळायचं तर मधे वायर जोडावी लागे. २००४ मध्ये आलेल्या ‘निन्टेन्डो डीएस’ आणि सोनीच्या ‘पीएसपी’ने वायरलेस जोडणी दिली आणि एका खोलीतली मित्रमंडळी वायरीविना एकाच खेळात उतरू लागली. ही मोठी गंमत आहे आणि ती सोडावी असं मी म्हणणार नाही. पण वायर गेली तरी मान खालीच राहिली. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं असतं आणि मान जितकी पुढे झुकते तितका मानेच्या स्नायूंवरचा भार वाढत जातो.

उपाय त्या यंत्रातच आहे. २०१७ च्या ‘निन्टेन्डो स्विच’चे दोन्ही कंट्रोलर सुटे होतात. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला उभा करावा, कंट्रोलर हातात घेऊन हात मांडीवर सैल सोडावेत. मग उभं राहूनही खेळता येतं. आणि एक फेरी संपली की पुढची सुरू करण्याआधी उठावं.

उकिडवं बसणारी माणसं

टांझानियातले हाद्झा लोक आजही शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगतात. त्यांच्यावरचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ते दिवसाला जवळपास दहा तास विश्रांतीच्या स्थितीत असतात, म्हणजे शहरी माणसाइतकेच. तरीही त्यांची हृदयं निरोगी. त्यांच्या विश्रांतीचा बराच भाग उकिडवं किंवा गुडघ्यांवर बसण्यात जातो आणि उकिडवं बसताना पायांचे स्नायू खुर्चीतल्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतात. महाराष्ट्रातल्या घरांत चुलीपुढे, विळीवर, पंगतीत पाटावर बैठक खालीच होती. ती जमिनीलगतची, थोड्या थोड्या वेळाने मोडणारी आणि उठताना सगळ्या अंगाला कामाला लावणारी होती. गुडघे साथ देत असतील तर घरी रोज थोडा वेळ खाली बसायला एकही पैसा लागत नाही.

उठण्याची मोकळीक

कितीही चांगली खुर्ची उठण्याची जागा घेऊ शकत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या २०२३ च्या एका छोट्या प्रयोगात दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं चालणाऱ्यांची जेवणानंतरची साखरेची उसळी जवळपास ६० टक्क्यांनी कमी झाली आणि रक्तदाबही उतरला. दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवरच्या २०१६ च्या विश्लेषणात दिसलं की रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये दीर्घ बसण्याशी जोडलेला मृत्यूचा वाढीव धोका जवळपास नाहीसा होतो.

आता याची दुसरी बाजू पाहू. केरळच्या कापडदुकानांत दिवसभर उभं राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांनी लढा दिला आणि २०१८ साली तिथल्या कायद्याने त्यांना बसण्याचा हक्क दिला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं. एकीला बसू दिलं जात नाही, दुसऱ्याला उठू दिलं जात नाही. दोघांकडून हिरावलेली गोष्ट एकच आहे: आपल्या शरीराची स्थिती आपण ठरवण्याची मोकळीक.

म्हणून कचेरीत महागड्या खुर्च्या घेण्याआधी मालकांनी आणि व्यवस्थापकांनी एक साधा नियम करावा. दर अर्ध्या तासाने कोणी जागेवरून उठला तर त्याला कारण विचारायचं नाही. फोनवर बोलताना चालू द्यावं, लहान बैठका उभ्याने घ्याव्यात, पाण्याची सोय चार पावलं लांब ठेवावी. अशा कचेरीत मग हलतं स्टूल खरोखर उपयोगी पडेल. जिथे उठण्याची मुभाच नाही, तिथे जगातली सर्वांत उत्तम खुर्चीही माणसाला बांधूनच ठेवेल.