नरवाई जाळावी की कुजवावी?



गहू निघाला की आपल्या भागात रात्री नरवाईच्या आगी दिसतात. शेत लवकर मोकळे होते हे खरे; पण त्या धुरातून मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हवेत जातात. पृथ्वीची उष्णता अडवून धरणाऱ्या अशा वायूंना हरितगृह वायू म्हणतात. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो नायट्रस ऑक्साइड सुमारे २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. शिवाय नरवाईतले नत्रही धुराबरोबर जाते. मग तेच आपण युरियाच्या रूपाने विकत आणतो.

यावरचा उपाय आपल्या इंदूरातच तयार झाला. तेथे १९२४ साली सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीमध्ये अल्बर्ट हॉवर्ड आणि रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. १९३१ साली दोघांचे पुस्तक निघाले आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. त्याच जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे.

या पद्धतीत ढीग ओलसर ठेवून तीनदा खालीवर करतात. हे कष्ट टाळू नयेत. आत हवा पोहोचली नाही तर कुजतानाही मिथेन तयार होतो.

विश्वस्त मंडळींनी शाळेच्या आवारातला एक कोपरा द्यावा, पालकांनी थोडे शेण द्यावे. पालापाचोळा मुले गोळा करतील. मुलांनी खत होताना पाहिले, तर उद्या शेतात काडी ओढण्यापूर्वी त्यांचा हात थांबेल.