इंजिन ओरडते, गाडी सरकत नाही

आमच्या शेजारी एक तरुण राहतो. लहानपणी पोलिओने त्याचा डावा पाय अधू झाला. साध्या मोटारीत डाव्या पायाने क्लच दाबावा लागतो. ते त्याला जमत नाही. म्हणून त्याने एक जुनी, छोटी ऑटोमॅटिक मोटार घेतली. तिला क्लचचे पॅडलच नाही. तिचे गिअर आपोआप बदलतात. या गाडीतून तो आपल्या कोंबड्यांची अंडी बाजाराला नेतो. त्यावर त्याचे घर चालते.

एके दिवशी तो तोंड पाडून आला. म्हणाला, "गुरुजी, इंजिन ओरडतंय, पण गाडी ओढत नाही. चढावर तर जागीच घुटमळते. गॅरेजवाला म्हणतो, गिअर बॉक्स गेला, दुसरा घाला. तेवढ्या पैशांत अर्धी गाडी येईल. काय करू?"

मी मास्तर माणूस. मला यंत्रातले काय कळणार? पण तालुक्याला माझा एक जुना विद्यार्थी मिस्त्री आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "गुरुजी, गाडी जागची हलवू देऊ नका. मीच येतो." त्याने आम्हाला जे समजावले, तेच आज तुम्हाला सांगतो.

गाडी घसरते म्हणजे काय?

पिठाची गिरणी आठवा. पट्टा सैल झाला की मोटार गरगर फिरते, पण जाते हळू होते. पट्टा जागीच घसरतो. तापतो आणि जळका वास येतो. मोटारगाडीचेही तसेच आहे. इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचत नाही. मधेच वाया जाते. याला मिस्त्री लोक 'गिअर स्लिप होतो' म्हणतात.

आता पेटीच्या आत काय असते, ते पाहू. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. या गाडीत असेच दोन पंखे असतात. मात्र वाऱ्याऐवजी तेल असते. इंजिन एक पंखा फिरवते. तो तेल दुसऱ्यावर फेकतो. पुढे पातळ चकत्यांचे गठ्ठे असतात. तेलाच्या दाबाने चकत्या घट्ट आवळल्या जातात, तेव्हा गिअर लागतो.

म्हणजे इथे तेल नुसते वंगण नाही. तेच ताकद पोचवते. तेच चकत्या आवळते. उष्णताही तेच वाहून नेते. तेल कमी झाले की पंप हवा ओढतो. तेलाला फेस येतो. दाब पडतो आणि चकत्या घसरतात. घसरल्या की तापतात. तापल्या की जळतात.

आधी तेल पाहावे

मिस्त्रीने गाडी सपाट जागेवर उभी ठेवली. हँडब्रेक ओढला. गिअर 'पी' वर, म्हणजे पार्किंगवर ठेवला. इंजिन गरम होऊ दिले आणि चालूच ठेवले. मग तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होते!

सगळ्या गाड्यांची रीत एक नसते. काहींत इंजिन बंद करून तेल पाहतात. काहींना पट्टीच नसते. तिथे मिस्त्रीच लागतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात हे लिहिलेले असते. ते इंग्रजीत असले, तर शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या.

मग त्याने तेल पांढऱ्या कापडावर टिपले. या गाडीचे नवे तेल लाल असते. वापरून ते तपकिरी होते. ते काळे झाले आणि जळका वास आला, तर चकत्या जळू लागल्या असे समजावे. आमचे तेल तपकिरी होते, पण जळके नव्हते. "दादा, वेळेवर थांबलात," मिस्त्री म्हणाला.

तेल गेले कुठे?

तेल जळून संपत नाही. कमी झाले तर ते कुठून तरी गळते. तेल थंड करायला एक नळी जाते. तिच्या जोडावर ओल दिसली. आतले रबरी कडे झिजले होते. ते बदलले. पुस्तकात सांगितलेले तेल खुणेपर्यंत भरले. जास्तही भरू नये, त्यानेही फेस येतो. दुसऱ्याच जातीचे तेल तर मुळीच घालू नये. गाडी पुन्हा चढ चढू लागली.

प्रत्येक वेळी एवढ्यावर भागेल असे नाही. तेल पुरेसे असून गाडी घसरली, तर दाबाची आणि विजेच्या झडपांची तपासणी करावी लागते. चकत्या जळल्या असतील, तर पेटी उतरवून त्या बदलाव्याच लागतात. तो खर्च मोठा असतो.

आणखी एक गोष्ट. २०१४ पासून आपल्याकडे एएमटी नावाच्या गाड्या आल्या. त्यांतही क्लचचे पॅडल नसते. पण आत साधीच क्लच प्लेट असते. यंत्र ती दाबते, एवढेच. ती घसरली तर बहुधा प्लेट झिजलेली असते.

हे ध्यानात ठेवा

गाडी घसरू लागली की चालवू नका. घाटात तर मुळीच नेऊ नका.

ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढत नेऊ नका. इंजिन बंद असले की आत तेल फिरत नाही आणि पेटी बिघडते. ओढणारी चाके उचलून न्यावी.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

आणि मोठा खर्च कुणी सांगितला, तर आधी विचारा, "तेल पाहिलेत का? मला दाखवा." डॉक्टरही आधी नाडी पाहतो, मगच औषध देतो.