हुरड्याचे पाहुणे आणि द्राक्षाची बाटली



दिवाळी सरली, मोळी पूजन झाले, कारखान्याचा भोंगा वाजू लागला की आपल्या भागात दोन मंडळी हटकून येतात. एक तोडणीच्या टोळ्या आणि दुसरे शहरातले पाहुणे. लेक-जावई, भाचे, पोरांचे ऑफिसातले मित्र नाताळची सुट्टी धरून हुरडा खायला येतात. पूर्वी त्यांच्या पिशवीतून बाकरवडी नाहीतर केकचा खोका निघायचा. हल्ली उंच मानेची बाटली निघते. "मामा, वाइन आहे, आपल्याच शेतकऱ्याच्या द्राक्षाची," असे सांगून ती यजमानाच्या हाती दिली जाते. यजमान ती उलटीसुलटी करून बघतो आणि पत्र्याच्या खोलीत कपाटावर ठेवून देतो. तिथे ती मे महिन्यापर्यंत शिजते.

गेल्या हंगामात प्लॉट बघायला फिरताना आम्हाला निदान सात-आठ सभासदांनी विचारले, "साहेब, ही भाकरीबरोबर चालते का? का नुसतीच प्यायची?" एका ताईंनी तर उलट बाजूने विचारले. त्यांना पुण्याच्या व्याह्यांकडे नाताळात जायचे होते. व्याही वाइनचे शौकीन. त्यांना न्यायचे काय? म्हणून हा लेख.

कारखान्याच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे काही सभासद म्हणतील. आम्ही स्वतः माळकरी घरातले. वडिलांच्या हयातीत असली बाटली उंबऱ्याच्या आत आली नसती. ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी वर्ज्यच ठेवावी. पण ऊस आणि द्राक्ष ही एकाच शिवारातली, बऱ्याचदा एकाच बांधाच्या अलीकडची-पलीकडची पिके. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आपण ऊस पिकाच्या प्रशिक्षणाला जातो, त्याच मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. शेजाऱ्याच्या पिकाचे पुढे काय होते, एवढे तरी माहीत असावे.

पहिल्यांदा एक गैरसमज काढू. आसवनीत आपण मळी आंबवतो आणि मग ऊर्ध्वपातन करून स्पिरिट काढतो. वाइनमध्ये ही दुसरी पायरीच नाही. द्राक्षाचा रस यीस्टने आंबवायचा, मुरवायचा, गाळायचा, बाटलीत भरायचा. मद्यार्क साधारण १२ ते १४ टक्के. यीस्ट आपल्या आसवनीतल्याच जातकुळीचे. रस तयार झाला का हे बघायला त्यांचा माणूस बागेत जे यंत्र घेऊन जातो, तेच ब्रिक्स मीटर आमच्या चिटबॉयच्या खिशात असते. आपण उसाला १८-२० ब्रिक्सवर खूश होतो, त्यांना द्राक्षात २२-२४ लागते. लाल वाइन सालीसकट आंबवतात, म्हणून तिला रंग आणि तुरटपणा येतो. पांढरीला नुसता रस.

मात्र हे द्राक्ष आपण खातो ते नव्हे. खाण्याचा मणी मोठा, पातळ सालीचा, बिनबियांचा. त्यासाठी जीएच्या बुडव्या द्यायच्या. वाइनचा मणी लहान, जाड सालीचा, आत बी. एकरी उतारा मुद्दाम कमी ठेवायचा म्हणजे रसाला दम येतो. हा फरक ध्यानात ठेवा. आमच्या एका सभासदाला तो फार महाग पडला.

आम्ही नुकतेच शेतकी खात्यात लागलो होतो तेव्हाची गोष्ट. राज्य सरकारचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आले होते. नाशिककडे विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क निघाले होते. नाशिकला गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये वाइनची द्राक्षे लावून २००० साली वाइन बाजारात आणली, तिचा बोलबाला आपल्याकडेही पोचला होता. त्या वाऱ्यावर आमच्या गटातल्या एका सभासदाने, सगळा गाव त्यांना अण्णा म्हणतो, २००६ मध्ये दीड एकर आडसाली मोडून वाइनची बाग लावली. करार कागदावर, दर चांगला. आम्ही त्यांना दोन वेळा सांगितले, की अण्णा, हा माल उद्या कंपनीने उचलला नाही तर कुठे विकणार? ते म्हणाले, "साहेब, तुमचा ऊस जातोय म्हणून बोलताय." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

दोन हंगाम पैसे आले. मग २००८ ची जागतिक मंदी, त्यातच नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला. हॉटेले ओस पडली, वाइनचा खप पडला. २००९ च्या फेब्रुवारीत बाग तयार आणि गाडीच आली नाही. फोन उचलेनात. तो माल बाजारात कोण घेणार? बी असलेला बारीक मणी, ना खायला ना बेदाण्याला. त्या काळात अशा बागा राज्यात बऱ्याच जणांनी काढल्या, अण्णांनीही मंडप उतरवून कुऱ्हाड घातली. जूनमध्ये ते ऊस नोंदीला आमच्या गट ऑफिसला आले. आम्ही नोंदवहीत दीड एकर लिहिले. दोघेही काही बोललो नाही.

उसाला निदान कायदा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. (वेळेवर मिळतात का, हा प्रश्न सभासदांनी वार्षिक सभेत काढावाच, आमची हरकत नाही.) वाइनच्या द्राक्षाला असे काही नाही. जे आहे ते करारात आणि बाटलीच्या खपात. तेव्हा बाटली भेट द्यायचीच तर बाहेरदेशीच्या लेबलावर भाळू नये. मागच्या बाजूला द्राक्षे कुठली आणि बाटली भरली कुठे ते वाचावे. नाशिकचीच हवी असेही नाही. माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला, म्हणजे ऐन उसाच्या मुलखात, अकलूजचे मोहिते-पाटील आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी मिळून २००७ मध्ये फ्रातेल्ली ही वायनरी काढली. इटालियनमध्ये त्या शब्दाचा अर्थ भाऊ. तिथे सांजोवेझे नावाचे इटालियन वाण लावले आहे. हजार रुपयांच्या आत राज्यातली चांगली बाटली मिळते.

आता ताटाकडे येऊ.

नावे तोंडात बसत नाहीत, तरी चार लक्षात ठेवली की पुरे. पांढऱ्यात शेनिन ब्लाँ आणि सोविन्यों ब्लाँ, लालमध्ये शिराझ आणि कॅबर्ने सोविन्यों. दुकानात उच्चार चुकला तर चुकू द्या, लेबल दाखवा.

आपल्याकडे सगळा घोळ तिखटाचा. लाल वाइनच्या तुरटपणाला मिरची भेटली की दोन्ही भडकतात, तोंडाची आग होते आणि वाइन कडू लागते. तांबड्या रश्शाबरोबर लाल वाइन रंगाने जुळते, जिभेला जुळत नाही. तिखटाला थोडी गोडसर शेनिन ब्लाँ द्यावी, तीही चांगली गार. मिसळ, झणझणीत रस्सा, मसालेदार अंडाकरी यांना तीच सांभाळून घेते. पांढरा रस्सा मात्र सौम्य, नारळाच्या दुधाचा. त्याला कुठलीही पांढरी चालते. शिराझसाठी सुके मटण करावे, खोबरे-कांदा भाजून, मिरची हात राखून. नाहीतर चुलीत भाजलेल्या वांग्याचे भरीत. त्याचा धुरकट वास आणि शिराझ यांचे गोत्र एक आहे असे आम्हाला वाटते. मीठ लावून भाजलेल्या शेंगा लालबरोबर उत्तम. ठेचा मात्र त्या जेवणापुरता ताटातून उचलून ठेवावा. हे आमच्या घरी मान्य झालेले नाही.

तळणाला आंबटपणा लागतो. आपण भज्यावर लिंबू पिळतो, तेच काम सोविन्यों ब्लाँ करते. कांदाभजी, कोथिंबीर वडी, रवा लावून तळलेली सुरमई, सगळ्याला चालते. आणि हुरड्याला तर हीच. कोवळा, गोड, आगटीतून नुकता काढलेला हुरडा, वर मीठ आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. मात्र ज्याने वाइन घेतली त्याने मध्ये ताक पिऊ नये, दोन्हीचा विचका होतो. चकली, शेव, चिवडा असा खारा फराळ असेल तर फसफसणारी वाइन. ती आपल्याकडे नवी नाही, १९८० च्या दशकात नारायणगावची फसफसणारी वाइन परदेशी जात होती.

गोडाचा नियम एकच. वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती नुसती आंबट लागते. लाडू, करंजी, अनारसे यांच्याबरोबर साधी लाल-पांढरी फुकट जाते. उशिरा तोडलेल्या, वेलीवरच गोडी चढलेल्या द्राक्षाची वाइन मिळते, ती शेंगदाण्याच्या चिक्कीबरोबर छान लागते. पुरणपोळीबरोबरही लागेल. पण आमच्या मते पुरणपोळीवर तूपच शोभते. गोव्यात नाताळला बेबिंकेबरोबर पोर्ट वाइन देतात, ती गोड आणि जास्त मद्यार्काची. ती हिशेबाने घ्यावी.

बाटली पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. पांढरी फ्रिजमध्ये दोन-तीन तास, लालसुद्धा आपल्या हवेत अर्धा तास. उघडली की फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांत संपवावी. राहिली तर रश्शात घालावी, पण फेकू नये. बुचाची बाटली असेल तर स्क्रू आधी मागून ठेवा. आमच्या एका ओव्हरसीयरने कोयत्याच्या टोकाने बूच आत ढकलले आणि सगळ्यांनी साखरेच्या चाळणीतून गाळून वाइन प्याली. परतीला गाडी चालवणाऱ्याला देऊ नये, पोराटोरांच्या हाती तर नाहीच.

आता त्या ताईंचे उत्तर. शौकिनाला वाइनच नेली पाहिजे असे नाही. त्याच्याकडे बाटल्या असतातच, त्याबरोबर खायला नसते. आम्ही त्यांना सांगितले ते असे. आपल्या गुऱ्हाळाचा बिनरसायनाचा गूळ किलोभर, सांगलीचा बेदाणा अर्धा किलो, भाजक्या शेंगा आणि काकवीची बाटली, हे सगळे पाचटाने विणलेल्या टोपलीत. कोल्हापूरचा गूळ आणि सांगलीचा बेदाणा या दोहोंना भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, नाशिक व्हॅली वाइनलाही आहे. व्याह्यांनी टोपली बघून निम्मा गूळ तिथेच संपवला म्हणे.

गेल्या जानेवारीत अण्णांच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. त्यांचा नातजावई मुंबईहून बाटली घेऊन आला होता, मोटेवाडीची. अण्णांनी चष्मा लावला आणि लेबल पुढून-मागून वाचले. मग विचारले, "ह्यातली द्राक्षं कुणाची?" जावई म्हणाला, "कंपनीची असतील, आजोबा." "आन् त्याला पैसं मिळालं का?" जावयाला काय सांगावे कळेना. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही आगटीतली कणसे परतत बसलो.

अण्णांनी स्टीलच्या पेल्यात घोटभर घेतली. "आंबाट हाय. आपला माल चोवीस ब्रिक्स भरत हुता," असे म्हणून आणखी घोटभर घेतली. बाटली रिकामी झाल्यावर ती त्यांनी मागून घेतली. पंधरा दिवसांनी आम्ही खोडव्याच्या पाहणीला गेलो, तेव्हा ती ओसरीवर होती, लेबल तसेच, आत काकवी भरलेली आणि तोंडाला फडके बांधलेले. त्याच संध्याकाळी ती एसटीने मुंबईला गेली.