प्रजननहक्क आणि डेमॉक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा

अपत्य व्हावे की न व्हावे, केव्हा व किती व्हावीत, यांविषयी शासन, धर्मसंस्था वा कुटुंब यांच्या सक्तीवाचून निर्णय घेण्याच्या व्यक्तीच्या, विशेषतः स्त्रीच्या, अधिकारास प्रजननहक्क म्हणतात. संततिनियमनाची साधने व त्यांसंबंधीची माहिती मिळणे, सुरक्षित गर्भपात, गरोदरपणातील व प्रसूतीनंतरची वैद्यकीय सेवा आणि सक्तीच्या निर्बीजीकरणापासून संरक्षण या बाबींचा त्यात अंतर्भाव होतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या हक्काचा, त्यातही गर्भपाताच्या प्रश्नाचा, पुरस्कार हा डेमॉक्रॅटिक पक्षाच्या धोरणाचा एक प्रमुख भाग बनला आहे. मात्र हे धोरण पक्षाने एकाएकी स्वीकारले नाही. ते सु. अर्धशतकाच्या काळात अंतर्गत वादांतून, न्यायालयीन निवाड्यांच्या अनुषंगाने आणि पुष्कळदा तडजोडीच्या भाषेत घडत गेले.

जाहीरनाम्याचे स्वरूप : अमेरिकेतील दोन्ही प्रमुख पक्ष दर चार वर्षांनी, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वी, राष्ट्रीय अधिवेशन भरवितात व त्यात सामान्यतः जाहीरनामा संमत करतात. त्यास तेथे ‘प्लॅटफॉर्म’ (व्यासपीठ) व त्यातील प्रत्येक कलमास ‘प्लँक’ (फळी) असे म्हणतात. डेमॉक्रॅटिक पक्षाचा पहिला जाहीरनामा १८४० मध्ये संमत झाला. एक समिती मसुदा तयार करते. समितीतील अल्पमताला पुरेसा पाठिंबा असल्यास त्याची सूचना अधिवेशनापुढे मतास टाकता येते. जाहीरनामा उमेदवारावर वा निवडून आलेल्या सदस्यांवर कायद्याने बंधनकारक नसतो. त्याचे महत्त्व वेगळे आहे : पक्षातील कोणता गट प्रबळ झाला आहे, कोणत्या मतदारांना पक्ष आश्वासन देऊ इच्छितो आणि कोणाची नाराजी पत्करण्यास तो तयार आहे, हे त्यावरून कळते.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक घटक राज्यांनी गर्भपात हा गुन्हा ठरविला. १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने संततिनियमनाची साधने व माहिती टपालाने पाठविण्यासही बंदी घातली. या कायद्यांविरुद्ध मार्गारेट सँगर (१८७९–१९६६) यांनी चळवळ उभारली. त्यांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन विभागात काढलेले केंद्र पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडले. १९३५ मध्ये भारताच्या दौऱ्यावर असताना त्यांनी वर्धा येथे महात्मा गांधींची भेट घेतली. संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांबाबत उभयतांचे एकमत होऊ शकले नाही.

त्या काळात कोणत्याही मोठ्या पक्षाने हा विषय आपला मानला नाही. विवाहित जोडप्यांना संततिप्रतिबंधक साधने वापरण्याचा हक्क १९६५ च्या ग्रिझवोल्ड विरुद्ध कनेक्टिकट या खटल्यात, तर अविवाहितांचा तसाच हक्क १९७२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. दरम्यान काही राज्यांनी गर्भपातविषयक कायदे शिथिल केले. या सुधारणांना पक्षीय रंग नव्हता. कॅलिफोर्नियाच्या १९६७ च्या उदार कायद्यावर रिपब्लिकन गव्हर्नर रॉनल्ड रेगन यांनी स्वाक्षरी केली, तर कुटुंबनियोजनास संघराज्यीय अनुदान देणाऱ्या १९७० च्या कायद्यावर रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी. याउलट डेमॉक्रॅटिक पक्षाच्या पाठीराख्यांत कॅथलिक कामगारवर्गाचे प्रमाण मोठे असल्याने हा पक्ष या प्रश्नाला हात घालण्यास कचरत होता.

१९७२ चे अधिवेशन : १९६८ नंतर डेमॉक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधी निवडीचे नियम बदलले. परिणामतः मायामी बीच येथील १९७२ च्या अधिवेशनात स्त्री-प्रतिनिधींचे प्रमाण सु. ४० टक्क्यांवर गेले. चार वर्षांपूर्वी ते सु. १३ टक्के होते. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय महिला राजकीय परिषदेच्या पुढाकाराने एक अल्पमत-सूचना अधिवेशनापुढे आली. प्रजननाच्या बाबतीत प्रत्येक व्यक्तीच्या खाजगी जीवनाचा, निवडीचा व सद्सद्‌विवेकाचा आदर राखला जावा, असा तिचा आशय होता. गर्भपात हा शब्द तीत नव्हता. तरीही राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅक्गव्हर्न यांच्या सहकाऱ्यांनी निवडणुकीत हानी होईल या भीतीने तिला विरोध केला व ती सु. १,५७० विरुद्ध १,१०० मतांनी फेटाळली गेली. सूचना पराभूत झाली खरी. परंतु पक्षाच्या जवळजवळ दोन-पंचमांश प्रतिनिधींचा तिला पाठिंबा आहे, ही गोष्ट त्यामुळे उघड झाली.

पक्षीय विभागणी : २२ जानेवारी १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रो विरुद्ध वेड या खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी गर्भपाताच्या हक्कास सांविधानिक संरक्षण दिले. गर्भधारणेच्या पहिल्या तीन महिन्यांत निर्णय स्त्री व तिचा डॉक्टर यांच्याकडे राहील. पुढील तीन महिन्यांत स्त्रीच्या आरोग्यासाठी राज्यास नियमन करता येईल. गर्भ मातेच्या शरीराबाहेर जगू शकेल अशा अवस्थेस पोहोचल्यानंतर मात्र, स्त्रीच्या जीवितास वा आरोग्यास धोका नसेल तर, राज्यास बंदी घालता येईल, असे या निवाड्याचे स्थूल स्वरूप होते.

निवाड्याविरुद्ध घटनादुरुस्तीची चळवळ सुरू होताच दोन्ही पक्षांना भूमिका घेणे भाग पडले व १९७६ मध्ये दोघांच्याही जाहीरनाम्यांत गर्भपाताचा प्रथमच उल्लेख झाला. डेमॉक्रॅटिक पक्षाने अनेक नागरिकांच्या धार्मिक व नैतिक भावनांची दखल घेऊन, निवाडा रद्द करण्यासाठी घटनादुरुस्ती करणे अनिष्ट होईल, एवढेच म्हटले. रिपब्लिकन पक्षाने घटनादुरुस्तीच्या प्रयत्नांना पाठिंबा दिला, पण पक्षात मतभेद असल्याचेही मान्य केले. १९८० पासून ही सावधगिरी ओसरली. रेगन यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्ष गर्भपातविरोधी धार्मिक संघटनांच्या निकट गेला. डेमॉक्रॅटिक पक्षाने रो निवाडा हा देशाचा कायदा असल्याचे सांगून त्यास पाठिंबा दिला आणि १९८४ मध्ये प्रजननस्वातंत्र्य हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे घोषित केले. त्याच वर्षी उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार जेरल्डीन फेरारो यांच्यावर, त्या कॅथलिक असूनही गर्भपाताच्या हक्काचे समर्थन करतात म्हणून, न्यूयॉर्कच्या आर्चबिशपांनी टीका केली. श्रद्धावान नेत्याने आपले वैयक्तिक मत सर्वांवर कायद्याने लादावे काय, हा प्रश्न त्यामुळे राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला.

शब्दयोजनेतील बदल : पक्षाची वाटचाल त्याच्या शब्दयोजनेत स्पष्टपणे दिसते. १९९२ च्या जाहीरनाम्यात, ऐपत असो वा नसो, प्रत्येक स्त्रीचा निवडीचा हक्क मान्य करण्यात आला व त्याच्या रक्षणार्थ राष्ट्रीय कायद्याचे आश्वासन देण्यात आले. गर्भपाताची गरज कमी व्हावी, परंतु तो अधिक कठीण वा धोकादायक होऊ नये, असेही त्यात नमूद होते. याच भूमिकेचे सार बिल क्लिंटन यांनी गर्भपात ‘सुरक्षित, कायदेशीर आणि विरळा’ असावा, या सूत्रात मांडले. १९९६ मध्ये भिन्न मताच्या सदस्यांचेही पक्षात स्वागत आहे, असे वाक्य घालण्यात आले. गर्भपातविरोधी मताचे पेनसिल्व्हेनियाचे डेमॉक्रॅटिक गव्हर्नर रॉबर्ट केसी यांना १९९२ च्या अधिवेशनात भाषण करू दिले गेले नव्हते. त्यांनी उमेदवारास पाठिंबा दिला नव्हता हे त्याचे कारण असल्याचे पक्षनेत्यांनी सांगितले. केसी यांच्या मते ती त्यांच्या मताची शिक्षा होती.

‘विरळा’ हे विशेषण पुढे वादग्रस्त ठरले. गर्भपात ही मुळातच लाजिरवाणी गोष्ट आहे असे त्यातून सूचित होते, असा स्त्री-संघटनांचा आक्षेप होता. २००४ च्या जाहीरनाम्यातील हे सूत्र २००८ मध्ये वगळण्यात आले व हक्काचे निःसंदिग्ध समर्थन केले गेले. त्याचबरोबर मूल जन्माला घालण्याचा निर्णय घेणाऱ्या स्त्रीस प्रसूतिसेवा, अर्थसाहाय्य व दत्तकविधानाची सोय मिळावी, हेही जोडण्यात आले. यामागे १९९४ मध्ये कृष्णवर्णीय स्त्री-कार्यकर्त्यांनी मांडलेल्या ‘प्रजनन-न्याय’ या संकल्पनेशी जुळणारा विचार दिसतो. ज्या समाजातील स्त्रियांवर निर्बीजीकरणाची सक्ती झाली, त्यांच्या दृष्टीने मूल न होऊ देण्याइतकाच मूल होऊ देण्याचा व ते नीट वाढविता येण्याचा हक्क महत्त्वाचा असतो, हा या संकल्पनेचा गाभा होय.

गरीब स्त्रियांचा प्रश्न : प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सदस्य हेन्री हाइड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७६ च्या दुरुस्तीने गरिबांच्या वैद्यकीय साहाय्य योजनेतील संघराज्याचा पैसा गर्भपातासाठी वापरण्यास, काही अपवाद वगळता, बंदी घातली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरविली. हक्क आहे, परंतु तो बजावण्यास पैसा नाही, अशी गरीब स्त्रीची स्थिती झाली. काही राज्यांनी स्वतःच्या निधीतून हा खर्च उचलला. इतरत्र पैसे जमविण्यात आठवडे जात व तेवढ्यात गर्भधारणा पुढे जाऊन खर्च व धोका दोन्ही वाढत.

पक्षाच्या जाहीरनाम्याची खरी कसोटी येथे लागते. जिमी कार्टर यांचा अशा अनुदानास विरोध असतानाही १९८० च्या अधिवेशनाने गरिबांचा हक्क हिरावणाऱ्या निर्बंधांचा निषेध केला. परंतु ही दुरुस्ती अर्थसंकल्पी विधेयकास दरवर्षी जोडली जाते आणि डेमॉक्रॅटिक बहुमताच्या काळातही ती संमत होत राहिली. २०१० मध्ये आरोग्यविमा सुधारणेचे विधेयक संमत करून घेण्यासाठी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांना, बार्ट स्टुपॅक प्रभृती स्वपक्षीय गर्भपातविरोधी सदस्यांच्या समाधानार्थ, हे निर्बंध कायम राहतील असा आदेश काढावा लागला. दुरुस्ती रद्द करण्याची स्पष्ट मागणी जाहीरनाम्यात २०१६ मध्येच प्रथम आली. जो बायडेन यांनी दीर्घकाळ तिचे समर्थन केले होते. २०१९ मध्ये, उमेदवारीच्या स्पर्धेत असताना, त्यांनी ती भूमिका सोडली.

परराष्ट्रीय परिणाम : १९८४ मध्ये मेक्सिको सिटी येथील लोकसंख्या परिषदेच्या वेळी रेगन शासनाने एक धोरण जाहीर केले. गर्भपाताची सेवा देणाऱ्या वा त्याचा पुरस्कार करणाऱ्या परदेशी स्वयंसेवी संस्थांना अमेरिकेचे कुटुंबनियोजन-साहाय्य मिळणार नाही, असे त्याचे स्वरूप होते. डेमॉक्रॅटिक राष्ट्राध्यक्षांनी १९९३, २००९ व २०२१ मध्ये ते रद्द केले आणि रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी २००१, २०१७ व २०२५ मध्ये ते पुन्हा लागू केले. एका देशातील पक्षीय मतभेदाची झळ अशा रीतीने इतर देशांतील आरोग्यकेंद्रांना पोहोचते.

डॉब्ज निवाडा व त्यानंतर : २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मिसिसिपी राज्याच्या कायद्यासंबंधीच्या डॉब्ज खटल्यात रो निवाडा रद्द केला व हा प्रश्न राज्यांच्या अखत्यारीत गेला. अनेक राज्यांत जवळजवळ संपूर्ण बंदी आली. १९९२ पासून आश्वासिलेला राष्ट्रीय कायदा झालेलाच नव्हता. १९९३-९४ मध्ये राष्ट्राध्यक्षपद व काँग्रेसची दोन्ही सभागृहे पक्षाच्या हाती असूनही तसे विधेयक संमत झाले नाही. प्रतिनिधिगृहाने २०२१ मध्ये संमत केलेले विधेयक सीनेटमध्ये २०२२ मध्ये दोनदा अडले. चर्चा संपविण्यासाठी लागणारी साठ मते तर मिळाली नाहीतच. पण एका डेमॉक्रॅटिक सदस्याच्या विरोधामुळे साधे बहुमतही होऊ शकले नाही.

याउलट सार्वमतांत हक्काच्या बाजूस अनपेक्षित पाठिंबा मिळाला. कॅनझस या रिपब्लिकन वर्चस्वाच्या राज्यात ऑगस्ट २०२२ मध्ये सु. ५९ टक्के मतदारांनी हक्क काढून घेणारी दुरुस्ती फेटाळली. मिशिगन (२०२२) व ओहायो (२०२३) येथे हक्काला राज्यघटनेत स्थान मिळाले. २०२४ च्या शिकागो अधिवेशनातील जाहीरनाम्यात रो निवाड्यातील संरक्षण कायद्याने पुनःस्थापित करण्याचे वचन होते. संततिप्रतिबंधक साधने, गर्भपाताची औषधे व शरीरबाह्य फलन यांचाही त्यात समावेश होता. रिपब्लिकन पक्षाने त्याच वर्षी घटनादुरुस्तीची जुनी मागणी वगळून प्रश्न राज्यांवर सोपविण्याची भाषा स्वीकारली. त्या नोव्हेंबरमध्ये दहा राज्यांत गर्भपाताच्या हक्कासंबंधी मतदान होऊन सात राज्यांत हक्काच्या बाजूने कौल मिळाला. फ्लॉरिडात ५७ टक्के मते पडली, पण आवश्यक असलेली ६० टक्क्यांची अट पुरी झाली नाही. तथापि त्या सातांपैकी ॲरिझोना, मिसूरी, मॉन्टॅना व नेव्हाडा या चार राज्यांत त्याच दिवशी डोनल्ड ट्रंप यांना अधिक मते मिळाली. हक्काला मत देणारा मतदार त्या हक्काचा पुरस्कार करणाऱ्या पक्षालाच मत देईल असे नाही, हे यावरून दिसून आले.

मूल्यमापन : पक्षाच्या पुरस्कारामुळे प्रजननहक्काचा प्रश्न राष्ट्रीय राजकारणाच्या केंद्रस्थानी आला आणि न्यायाधीशांच्या नेमणुका, अनुदाने व शासकीय आदेश यांवर त्याचा परिणाम झाला. टीकाकारांच्या मते पक्षाने न्यायालयीन निवाड्यावर वाजवीपेक्षा जास्त विसंबून कायदा करण्याचे काम लांबणीवर टाकले. गर्भपातविरोधी मताच्या डेमॉक्रॅटांची तक्रार अशी की, पक्षात त्यांना स्थानच उरले नाही. भारतात १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा पक्षभेदाचा विषय न होता संमत झाला. मात्र तो स्त्रीचा हक्क म्हणून नव्हे, तर दंडसंहितेला अपवाद म्हणून व डॉक्टरांच्या मतावर अवलंबून ठेवून करण्यात आला. अमेरिकेत हक्काची भाषा अधिक ठाम होती. पण ती जाहीरनाम्यात व निवाड्यात राहिली, संघराज्याच्या कायद्यात उतरली नाही. न्यायालयाचे मत बदलताच तिचा आधार गेला. जाहीरनाम्यातील कलम व प्रत्यक्षातील कायदा यांमधील हे अंतर किती महाग पडू शकते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. त्याची किंमत सर्वप्रथम, दुसऱ्या राज्यात जाण्याची ऐपत नसलेल्या स्त्रियांना मोजावी लागली.