आढावा-लेख : शोधावा कसा, वाचावा कसा

एम. एड. किंवा पीएच. डी. साठी सादर होणाऱ्या प्रबंधांत 'संबंधित साहित्याचा आढावा' या नावाचे प्रकरण हटकून असते. अमुक संशोधकाने अमुक वर्षी अभ्यास केला व त्यास असे आढळून आले, अशा परिच्छेदांची ती बहुधा एक लांबलचक माळ असते. दोन अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी असल्यास ग्राह्य कोणता धरावयाचा, याचा उलगडा तीत क्वचितच होतो. वास्तविक हेच काम करणारा एक स्वतंत्र लेखनप्रकार जगभरच्या विद्वत्-नियतकालिकांत रूढ आहे. त्यास आढावा-लेख, इंग्रजीत 'रिव्ह्यू आर्टिकल', म्हणतात. स्वतः नवा प्रयोग न करता, एखाद्या प्रश्नावर आजवर झालेले प्रयोग गोळा करणे, त्यांची पारख करणे आणि त्यांतून काय निष्पन्न होते ते सांगणे, हे त्याचे कार्य. संशोधन करणाऱ्या शिक्षकास तो उपयुक्त आहेच. परंतु ज्यांच्यापुढे 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' अशा शिफारशीसह योजना येतात, त्या अधिकाऱ्यांना व पंचायत सदस्यांनाही तो वाचता येणे अगत्याचे आहे. अशा लेखाच्या अभावी काय घडते, आणि तो अपुरा वाचल्यास काय घडू शकते, हे दाखविणारे एक उदाहरण वैद्यकशास्त्रात आहे.

सतरा वर्षांचा विलंब

अपुऱ्या दिवसांच्या बालकाची फुप्फुसे पुरती तयार झालेली नसतात. त्यामुळे त्यास श्वास घेणे कठीण जाते व अनेकदा ते दगावते. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील डॉ. लिगिन्स यांना मेंढ्यांवरील प्रयोगांत असे दिसले की, प्रसूतीपूर्वी स्टेरॉइड दिल्यास वेळेआधी जन्मलेल्या कोकरांची फुप्फुसे अपेक्षेपेक्षा चांगली उघडतात. मग त्यांनी व डॉ. हॉवी यांनी २८२ गर्भवती मातांवर चाचणी घेतली. कोणत्या मातेस औषध द्यावयाचे व कोणीस नाही, हे चिठ्ठी टाकावी तसे केवळ योगायोगावर सोपविले होते. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष लक्षणीय होता. औषध न मिळालेल्या गटात जन्मानंतर लवकरच दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण शेकडा १५ होते. औषध मिळालेल्या गटात ते शेकडा ३.२ एवढेच होते.

पुढील वर्षांत निरनिराळ्या देशांत अशाच चाचण्या झाल्या. त्यांतील बऱ्याच लहान होत्या. लहान चाचणीत योगायोगाचा वाटा मोठा असतो. म्हणून प्रत्येकीचा निष्कर्ष सुटा वाचला असता 'फायदा असावा, पण खात्री नाही' एवढेच हाती लागे. बहुसंख्य प्रसूतितज्ज्ञ साशंक राहिले. सर्व चाचण्या एकत्र मांडणारा पद्धतशीर आढावा १९८९ साली पुढे आला, आणि औषधाने अशा बालकांचे मृत्यू निश्चित कमी होतात हे तेव्हा उघड झाले. पुरावा होता, परंतु तो विखुरलेला होता. या सतरा वर्षांत जगभर हजारो बालके अकारण दगावली असावीत, असे या क्षेत्रातील जाणकारांचे मत आहे.

ब्रिटिश वैद्य आर्ची कॉक्रेन यांनी १९७९ मध्येच आपल्या व्यवसायबंधूंना याबद्दल दोष दिला होता. प्रत्येक शाखेतील चाचण्यांचा चिकित्सक व वेळोवेळी सुधारलेला गोषवारा आपण तयार करीत नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यांचेच नाव घेऊन १९९३ मध्ये ऑक्सफर्ड येथे कॉक्रेन सहयोग ही संस्था उभी राहिली. तिच्या बोधचिन्हात स्टेरॉइडच्याच सात चाचण्या आडव्या रेषांनी दाखविल्या आहेत. मधली उभी रेषा म्हणजे 'फरक नाही' ही स्थिती. बहुतेक आडव्या रेषा तिला छेदतात, म्हणजे त्या चाचण्या एकेकट्या अनिर्णायक होत. तळाशी असलेला छोटा चौकट-इस्पिकातला चौकट मात्र उभ्या रेषेपासून स्पष्टपणे दूर आहे. तो सातांचा एकत्रित निष्कर्ष होय. ही आकृती ज्यास वाचता आली, त्यास कोणत्याही आढावा-लेखातील मुख्य आकृती वाचता येईल.

शोध कोठे घ्यावा

आढावा-लेख दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात विषयाचा जाणकार आपल्या वाचनाच्या आधारे क्षेत्राचे चित्र रेखाटतो. विषयाची पहिली ओळख करून घेण्यास हा वर्णनात्मक लेख उत्तम; 'ॲन्युअल रिव्ह्यूज' ही मालिका १९३२ पासून असेच लेख देत आली आहे. मात्र कोणते अभ्यास घ्यावयाचे हे लेखकाच्या आवडीवर राहते. दुसरा प्रकार पद्धतशीर आढाव्याचा. त्यात प्रश्न आधी ठरवितात, शोध कोठे व कोणत्या शब्दांनी घेतला ते नमूद करतात, आणि कोणते अभ्यास का वगळले हेही सांगतात. निर्णय घ्यावयाचा असेल तेथे हा दुसरा प्रकार पाहावा.

आरोग्यविषयक प्रश्नांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची 'पबमेड' ही सूची संगणकावर विनामूल्य पाहता येते. विषयाचे इंग्रजी शब्द देऊन लेखप्रकारांतून 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' निवडले की शेकडो नोंदींतून मोजक्या उरतात. कॉक्रेनच्या आढाव्यांचे सोप्या भाषेतील सारांशही सर्वांना खुले आहेत. शिक्षण व समाजकल्याण या विषयांसाठी २००० साली स्थापन झालेली कॅम्पबेल ही संस्था आहे, तसेच १९३१ पासूनचे 'रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च' हे नियतकालिक आहे. शोधाचा आरंभ सर्वांत अलीकडच्या आढाव्यापासून करावा. त्याच्या संदर्भसूचीतून मागचे अभ्यास मिळतात, आणि त्या आढाव्याचा उल्लेख पुढे कोणी केला हे पाहिले की नंतरचे अभ्यासही सापडतात. नवशिक्या संशोधकाचे कित्येक महिने याने वाचतात.

नागपूर व बेळगाव येथील अनुभव

येथवर वाचून असे वाटेल की आढाव्याचा निष्कर्ष मिळाला म्हणजे काम संपले. तसे नाही. स्टेरॉइडविषयीच्या आरंभीच्या आढाव्यांतील बहुतेक चाचण्या संपन्न देशांतील सुसज्ज रुग्णालयांत झालेल्या होत्या. खेड्यातील प्राथमिक केंद्रात, जेथे गर्भाचे नेमके आठवडेही पुष्कळदा ठाऊक नसतात, तेथे हाच लाभ मिळेल काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांत नव्हते. ते मिळविण्यासाठी सहा देशांत एक प्रचंड चाचणी झाली. भारतातील तिची क्षेत्रे नागपूर व बेळगाव ही होती. सुमारे एक लाख मातांचा समावेश असलेल्या या चाचणीचा निष्कर्ष २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि तो धक्कादायक होता. औषधाचा प्रसार केलेल्या भागांत पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू हजार जिवंत जन्मांमागे २७.४, तर इतर भागांत २३.९ होते. म्हणजे हजारामागे साडेतीन मृत्यू अधिक. मातांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही अधिक आढळला. औषध दिलेल्या अनेक मातांची प्रसूती पुढे पूर्ण दिवसांनी झाली, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

आधीचे आढावे खोटे होते काय? मुळीच नाही. ते ज्या परिस्थितीविषयी बोलत होते तिच्यापुरते खरेच होते. २०१५ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने शिफारशीस अटी जोडल्या : गर्भाचे आठवडे नीट ठरविलेले असावेत, प्रसूती लवकर होणार हे निश्चित असावे, मातेस संसर्ग नसावा, आणि प्रसूतीची व नवजात बालकाच्या शुश्रूषेची पुरेशी सोय असावी. त्यानंतर भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत, या अटी पाळून, २,८५२ मातांवर चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. बालमृत्यूचे प्रमाण शेकडा २३.५ वरून १९.६ वर आले होते. त्याच वर्षी सुधारून निघालेल्या कॉक्रेन आढाव्यात २७ चाचण्या व ११,२७२ माता आहेत, आणि त्याचा निष्कर्ष औषधाच्या बाजूने आहे.

वाचताना

म्हणून आढावा-लेखाचा केवळ सारांश वाचून थांबू नये. समाविष्ट अभ्यासांचा तक्ता उघडावा आणि ते कोठे, कोणावर व कोणत्या सोयी असताना झाले हे पाहावे. शहरी शाळांतील अध्यापनप्रयोगाचा आढावा एकशिक्षकी शाळेस लागू करण्यापूर्वीही हाच तक्ता पाहावयास हवा. लेख छापल्याची तारीख महत्त्वाची नव्हे; शोध कोणत्या तारखेपर्यंत घेतला, ती महत्त्वाची. दोहोंत वर्षाहून अधिक अंतर सहज असते. प्रतिकूल निष्कर्षाचे अभ्यास पुष्कळदा छापलेच जात नाहीत. लेखकांनी त्यांचा माग काढला काय, याचा उल्लेख पद्धतीच्या भागात मिळतो. खर्च कोणी केला ते शेवटी बारीक अक्षरांत असते.

आकड्यांपाशी विशेष सावध राहावे. वरील शेवटच्या चाचणीत मृत्यू 'शेकडा १६ ने घटले' असे म्हणता येते, आणि 'शंभर बालकांमागे सुमारे चार वाचली' असेही म्हणता येते. दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु पहिले ऐकून शंभरांत सोळा बालके वाचतात असा समज होऊ शकतो. तरतूद व मनुष्यबळ ठरविताना दुसरा आकडा उपयोगी पडतो. पुष्कळ आढाव्यांत पुराव्याची खात्री उच्च, मध्यम, अल्प व अत्यल्प अशा प्रतींत दिलेली असते. निष्कर्षासोबत ती प्रत उद्धृत न करणे म्हणजे अर्धेच सांगणे होय.

मूळ लेख मिळविणे हे आतापर्यंत खर्चाचे काम होते. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या केंद्र शासनाच्या योजनेखाली १ जानेवारी २०२५ पासून शासकीय उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके खुली झाली आहेत. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत तिची अंमलबजावणी होते. अशा संस्थेत शिकणाऱ्या किंवा शिकविणाऱ्या व्यक्तीने आपल्या ग्रंथपालाकडे चौकशी करावी. इतरांनाही कॉक्रेनचे २०१३ नंतरचे आढावे प्रसिद्धीनंतर एक वर्षाने विनामूल्य वाचता येतात.