नोकरी सांभाळून मॅरेथॉन

तुमची मुलगी इंजिनीअर आहे आणि मॅरेथॉनची तयारीही करते? दोन्ही जमतं. जपानच्या युकी कावाउचीने शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ नोकरी करत 2018 ची बोस्टन मॅरेथॉन जिंकली. मात्र झोप मोडून धावू नये; 7 तास तरी झोप हवीच. रात्रपाळी झाली किंवा कामाची घाई असली, की त्या दिवशी विश्रांती घ्यावी. बहुतेक दिवस बोलता येईल इतक्याच वेगाने धावावं, अंतर हळूहळू वाढवावं. आल्यावर चणे, अंडं, केळं खावं. नडगीत एकाच जागी दुखत राहिलं तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, भोवळ आली तर लगेच दवाखाना गाठा. घरच्यांनो, पोरीला पहाटे अडवू नका. रात्रीची भांडी दुसऱ्या कुणी घासा, तिला लवकर झोपू द्या.